शंका घेणाऱ्या मित्राला हवामान बदल कसा पटवावा : नाशिककरांसाठी पायरीपायरीनं

नोव्हेंबरात अवकाळी झाली की नाशिकमध्ये कुठल्याही चहाच्या टपरीवर दोन तट पडतात. एक म्हणतो, "हे सगळं ग्लोबल वॉर्मिंग." दुसरा म्हणतो, "काही नाही रे, निसर्गाचं चक्र आहे. आधीही व्हायचं." हा दुसरा माणूस बहुतेक वेळा अडाणी नसतो आणि हट्टीही नसतो. शेती, दुकान किंवा अंबड-सातपूरचं वर्कशॉप तो नीट चालवत असतो. ऐकीव गोष्टीवर विश्वास ठेवायचा नाही ही त्याची सवय आहे आणि ती चांगली सवय आहे.

हा लेख पहिल्या माणसासाठी आहे. त्याला गोष्ट पटलेली आहे, पण मित्रानं चार प्रश्न विचारले की उत्तर सुचत नाही, आवाज चढतो आणि विषय राजकारणावर जातो.

पहिली पायरी : शंका नेमकी कुठली आहे ते काढून घ्या

"हवामान बदल खोटा आहे" या एका वाक्याखाली चार वेगळ्या शंका असतात. तापमान वाढतच नाही, ही एक. वाढतंय, पण माणसामुळे नाही, ही दुसरी. माणसामुळे असेल, पण एक अंशानं काय फरक पडतो, ही तिसरी. आणि चौथी : सगळं खरं असेल, पण कारखाने उभारून श्रीमंत झाले दुसरेच, मग भुर्दंड आम्ही का भरायचा?

माझा अनुभव असा की नाशिकमध्ये पहिली शंका घेणारे फार थोडे उरलेत. ऊन वाढलंय हे सगळेच म्हणतात. खरी गाठ दुसऱ्या आणि चौथ्या शंकेशी पडते. चौथी तर विज्ञानाची शंकाच नाही, ती न्यायाची आहे. तिला अंटार्क्टिकाच्या बर्फाचे आकडे देऊन काहीच उपयोग होत नाही. समोरच्याला वाटतं, याला माझं म्हणणंच कळलं नाही.

म्हणून बोलायच्या आधी विचारा : "तुला यातलं नेमकं काय पटत नाही?" मग गप्प बसून ऐका. त्याचं बोलून झालं की त्याचंच म्हणणं तुमच्या शब्दांत त्याला सांगा आणि "बरोबर ना?" म्हणून विचारा. तो "हो, हेच" म्हणेपर्यंत पुढची पायरी चढू नका. आणखी एक प्रश्न कामाचा आहे : "दहापैकी किती खात्री आहे तुला?" सहा म्हणाला तर विचारा, दहा का नाही? उरलेल्या चार गुणांत काय दडलंय ते तो स्वतःच सांगतो. तुमचं बोलणं तिथून सुरू होतं.

दुसरी पायरी : वेळ आणि जागा

व्हॉट्सॲप ग्रुपवर हा विषय काढू नका. चारचौघांत कोणी माघार घेत नाही. दोघंच असताना बोला, रविवारी मिसळ खाऊन झाल्यावर, गंगापूर धरणाकडे फिरायला गेल्यावर किंवा एसटीच्या प्रवासात. गारपिटीच्या दुसऱ्या दिवशी तर मुळीच नाही. त्या दिवशी बागेत जाऊन मदत करा, पंचनाम्याचं बघा. ज्याचं वर्षाचं पीक जमिनीवर पडलंय त्याच्यासमोर कार्बन डायऑक्साइडची गोष्ट काढणं क्रूरपणाचं आहे.

तिसरी पायरी : त्याच्याच वहीपासून सुरुवात करा

या पायरीवर घाई करू नका. नाशिक जिल्ह्यात इतकी नोंद ठेवणारी माणसं आहेत की बाहेरून आकडे आणायची गरज सुरुवातीला तरी पडत नाही. निर्यातीची द्राक्षं करणाऱ्याकडे फवारणीची नोंदवही असतेच. युरोपला माल पाठवायचा तर औषधाचा अंश तपासला जातो, त्यामुळे कुठल्या तारखेला काय मारलं ते लिहून ठेवावं लागतं. निफाड, दिंडोरी, पिंपळगावच्या पट्ट्यात अशा जुन्या वह्या घरोघरी सापडतील. छाटणीची तारीख, पोंगा म्हणजे नवा कोंब कधी फुटला, फुलोरा कधी आला, डाऊनी या बुरशीच्या रोगासाठी किती फवारण्या झाल्या, सगळं त्यात असतं.

ज्यांनी बाग जवळून पाहिलेली नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. ऑक्टोबर छाटणीनंतर साधारण दीड महिन्याच्या आत वेल फुलोऱ्यात येते. त्या दिवसांत आभाळ भरून आलं आणि दोन दिवस पाऊस झाला, तर पानाच्या वरच्या बाजूला तेलाच्या डागासारखे पिवळे ठिपके दिसतात आणि पान उलटलं की खाली पांढरी बुरशी. घडाला बोट लावलं तर फुलं हातात गळून येतात. जमीन इतकी ओली की ट्रॅक्टर आत घालता येत नाही, आणि फवारणी तर त्याच रात्री व्हायला हवी. २६ नोव्हेंबर २०२३ ला निफाड, चांदवड, दिंडोरीकडे गारांसह अवकाळी झाली तेव्हा ज्यांच्या बागा या किंवा याच्या पुढच्या अवस्थेत होत्या, त्यांना ती तारीख वहीत बघावी लागत नाही. फेब्रुवारी-मार्च २०१४ ची गारपीटही तशीच पाठ आहे.

मित्राला म्हणा, "चल, तुझ्या आणि तुझ्या वडिलांच्या वह्या काढू. ऑक्टोबर ते मार्च या काळात पाऊस किती वेळा झाला, फवारण्या किती वाढल्या ते बघू." कांदेवाला असेल तर उन्हाळ कांदा चाळीत किती टिकायचा आणि आता किती सडतो ते विचारा. मे २०२५ मध्ये काढणीला आलेल्या कांद्यावर जो पाऊस झाला, त्याचं त्यानं काय केलं ते विचारा. त्या वर्षी मान्सून केरळात २४ मेला आणि मुंबईत २६ मेला पोचला होता. एरवी त्याच्या तारखा १ जून आणि ११ जून.

इथे एक पथ्य कडक पाळा. वही काढली म्हणजे हवामान बदल सिद्ध झाला असं म्हणू नका. फवारण्या वाढायला द्राक्षाची जात बदलणं, बागा दाट होणं, बुरशीला औषधाची सवय होणं हीही कारणं आहेत आणि तुमच्या मित्राला ती तुमच्यापेक्षा चांगली माहीत आहेत. वहीचं काम एवढंच की "काहीतरी बदललंय, ते काय आहे?" हा प्रश्न त्याच्या मनात यावा. तो प्रश्न त्याचा झाला पाहिजे, तुमचा नाही.

चौथी पायरी : एका वर्षावरून तीस वर्षांवर या

वही एका शेताची असते. आता मोठा हिशेब दाखवा. हवामान शास्त्रात सरासरी काढायला साधारण तीस वर्षांचा काळ धरतात, कारण एखादं वर्ष काहीही दाखवू शकतं. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रात पारा पाच अंशांखाली गेला की वर्तमानपत्रात निफाडच्या थंडीचे फोटो येतात आणि लगेच कोणीतरी विचारतं, "कुठे आहे तुमचं वॉर्मिंग?" उत्तर सरळ आहे. थंडीची लाट यायची थांबलेली नाही. लाटा येतात आणि जातात, पण वर्षांची सरासरी मात्र वर सरकते आहे.

भारतीय हवामान विभाग १८७५ पासून काम करतो. केंद्र सरकारच्या पृथ्वी विज्ञान मंत्रालयानं २०२० साली अहवाल काढला. त्यानुसार १९०१ ते २०१८ या काळात भारताचं सरासरी तापमान सुमारे ०.७ अंशानं वाढलं. १९०१ पासूनच्या नोंदींत २०२४ हे देशातलं सर्वांत उष्ण वर्ष ठरलं. जगाचंही तेच झालं : यंत्रयुगाच्या आधीच्या मानानं त्या वर्षाची सरासरी सुमारे दीड अंशानं जास्त होती. हे आकडे परदेशी संस्थेचे आहेत अशी शंका आली तर भारताचा आकडा आपल्याच पुण्याच्या संस्थांमधल्या कामातून आला आहे, हे आवर्जून सांगा. त्याचा फरक पडतो.

पावसाचं चित्र जास्त गुंतागुंतीचं आहे, आणि ते तसंच सांगा. त्याच अहवालानुसार १९५१ ते २०१५ मध्ये देशाचा मोसमी पाऊस सुमारे ६ टक्क्यांनी घटला आणि ही घट पश्चिम घाटात ठळक होती. दुसरीकडे पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेतले रॉक्सी मॅथ्यू कोल आणि सहकाऱ्यांनी २०१७ साली दाखवलं की १९५० ते २०१५ या काळात मध्य भारतात मोठ्या प्रदेशावर होणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिपटीनं वाढल्या. म्हणजे एकूण पाऊस कमी, पण पडतो तेव्हा धो धो. "पाऊस महिनाभर येत नाही आणि आला की वावरं वाहून नेतो" हे तुमचा मित्र आधीच म्हणत असेल.

पाचवी पायरी : कारण सांगा, आणि नीट सांगा

बहुतेक जण इथे घाई करतात. तापमान वाढतंय हे दाखवलं की "म्हणजे माणसामुळे" असं म्हणून मोकळे होतात. मित्र बरोबरच अडवतो. वाढ दिसली म्हणून कारण सिद्ध होत नाही. कारणाचा पुरावा वेगळा आहे आणि तो फार भक्कम आहे.

सुरुवात जुन्या प्रयोगांपासून करा, कारण त्या काळी यात कोणाचा काही फायदा नव्हता. १८५६ साली युनिस फूट या अमेरिकी बाईंनी काचेच्या नळकांड्यांत वेगवेगळे वायू भरून उन्हात ठेवले. कार्बन डायऑक्साइडची नळी जास्त तापली आणि निवायलाही जास्त वेळ लागला. १८५९ मध्ये जॉन टिंडल यांनी हा वायू उष्णता शोषतो हे मोजून दाखवलं. १८९६ मध्ये स्वीडनच्या स्वांते अऱ्हेनियस यांनी, हवेतला हा वायू वाढला तर पृथ्वी किती तापेल याचा हिशेब कागदावर मांडला. तेव्हा रस्त्यावर मोटारीही जेमतेम होत्या. गोधडी जशी स्वतः उष्णता तयार करत नाही, फक्त अंगातली ऊब बाहेर जाऊ देत नाही, तसा हा वायू काम करतो.

मग हवा मोजली का? मोजली. १९५८ पासून हवाईच्या मौना लोआ डोंगरावर चार्ल्स कीलिंग यांनी रोजची मोजणी सुरू केली. तेव्हा दहा लाख भाग हवेत कार्बन डायऑक्साइड सुमारे ३१५ भाग होता. आज तो ४२० च्या वर आहे. अंटार्क्टिकाच्या बर्फात अडकलेल्या जुन्या हवेचे बुडबुडे तपासले तर यंत्रयुगाच्या आधीच्या आठ लाख वर्षांत तो ३०० च्या वर गेलेला दिसत नाही.

आता कळीचा प्रश्न : हा वाढलेला वायू आपलाच कशावरून? ज्वालामुखीचा नसेल कशावरून? ज्वालामुखींतून वर्षाला जेवढा बाहेर पडतो तो माणसाच्या वाट्याच्या एक टक्काही नाही. शिवाय कार्बनवर त्याच्या वयाची खूण असते. जिवंत झाडांमध्ये कार्बन-१४ नावाचा किरणोत्सारी कार्बन थोडासा असतो आणि झाड मेल्यावर तो हळूहळू संपतो. कोळसा आणि तेल कोट्यवधी वर्षांपूर्वीचं, त्यात तो शिल्लकच नाही. कोळसा जाळत गेलो तर हवेतलं कार्बन-१४ चं प्रमाण पातळ व्हायला हवं. १९५५ साली हान्स स्यूस यांना झाडांच्या खोडातल्या वलयांमध्ये नेमकं तेच सापडलं. एकलहऱ्याच्या वीज केंद्राच्या चिमण्या नाशिकरोडवरून दिसतात. तिथून बाहेर पडणाऱ्या वायूत ही खूण नसते.

आणि सूर्य? हा प्रश्न हमखास येतो. १९७०च्या दशकाच्या अखेरीपासून उपग्रह सूर्याची शक्ती थेट मोजत आहेत. अकरा वर्षांच्या चक्रात ती थोडी वरखाली होते, पण चढत गेलेली नाही. त्याहून पक्का पुरावा वातावरणातच आहे. सूर्य जास्त तापत असता तर वातावरणाचे सगळे थर गरम झाले असते. प्रत्यक्षात जमिनीजवळचा थर तापतो आहे आणि त्याच्या वरचा, साधारण पन्नास किलोमीटर उंचीपर्यंतचा थर थंड होतो आहे. उष्णता खाली अडली तर असंच होणार. मला स्वतःला सगळ्या पुराव्यांत हा सर्वांत निर्णायक वाटतो. एकच पुरावा सांगायला वेळ असेल तर हाच सांगा.

सहावी पायरी : नाशिकचे नेहमीचे प्रश्न

"झाडं तोडली, काँक्रीट ओतलं, म्हणून नाशिक तापलं." यात तथ्य आहे आणि ते आधी मान्य करा. गंगापूर रोडला सावली होती तेव्हाची दुपार आणि आताची दुपार यात फरक आहेच. पण समुद्रावर काँक्रीट नाही. साठलेल्या जादा उष्णतेपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक समुद्रात गेली आहे. हिमालयातल्या हिमनद्यांवरही कोणी इमारती बांधल्या नाहीत, तरी त्या आटत आहेत. अमेरिकेतल्या बर्कली विद्यापीठाचे भौतिकशास्त्रज्ञ रिचर्ड मुलर यांना हीच शंका होती. शहरांच्या उष्णतेमुळे जगाचे आकडे फुगले असतील असं त्यांना वाटायचं. त्यांनी स्वतःचा गट उभा केला आणि सगळ्या नोंदी नव्यानं तपासल्या. त्यांना पैसा देणाऱ्यांत तेल व्यवसायातल्या कोक कुटुंबाची संस्थाही होती. निष्कर्ष आला की वाढ खरी आहे, आणि २०१२ साली त्यांनी आपलं मत बदलल्याचं जाहीर केलं. "शास्त्रज्ञ पैशासाठी बोलतात" म्हणणाऱ्या मित्राला ही हकीकत जरूर सांगा.

"बहात्तरचा दुष्काळ काय कमी होता?" नव्हताच. येवला-सिन्नरकडच्या जुन्या माणसांना विचारा. १९७२ साली प्रशांत महासागरात मोठा एल निनो होता, म्हणजे तिथलं पाणी नेहमीपेक्षा तापलं होतं; असं झालं की आपल्याकडे पाऊस अनेकदा कमी पडतो. तो निसर्गाचाच खेळ, आजही येतो. फरक असा की आज तो आधीच तापलेल्या पृथ्वीवर येतो.

"उद्याचा पाऊस सांगता येत नाही, २०५० चं काय सांगता?" येत्या १५ मेला नाशिकला नेमके किती अंश असतील ते आज कोणी सांगू शकत नाही. पण मे महिना जानेवारीपेक्षा गरम असेल हे कोणीही सांगेल. दोन्ही प्रश्न वेगळे आहेत.

"एक अंशानं काय होतं?" हवा एक अंशानं तापली की ती सुमारे ७ टक्के जास्त वाफ धरून ठेवू शकते. तीच वाफ अतिवृष्टीत खाली येते. मागच्या हिमयुगातून बाहेर पडताना पृथ्वीची सरासरी साधारण पाच-सहा अंशांनी वाढली होती आणि त्याला हजारो वर्षं लागली. "आधीही बदलायचं" या म्हणण्यालाही हेच उत्तर आहे. बदलायचं, पण या वेगानं नाही.

सातवी पायरी : काही गोष्टी बोलू नका

रामकुंडावरचा दुतोंड्या मारुती पुरावा म्हणून वापरू नका. पाणी कुठपर्यंत चढलं ते आपण त्याच्यावरून सांगतो आणि २००८, २०१६, २०१९ चे पूर सगळ्यांना आठवतात. पण तिथली पातळी गंगापूर धरणातून किती विसर्ग सोडला, नाले किती बुजवले, पूररेषेत काय बांधलं यावरही ठरते. मित्रानं हे दाखवून दिलं की तुमचे बाकीचे खरे मुद्देही हलके होतात.

तसंच प्रत्येक गारपिटीवर हवामान बदलाचा शिक्का मारू नका. उष्णतेच्या लाटा आणि अतिवृष्टी यांच्याबद्दल विज्ञान ठामपणे बोलतं, गारांबद्दल तेवढ्या ठामपणे बोलत नाही. आणि "आता सगळं संपलं" हे तर नकोच. ते खरंही नाही आणि घाबरलेला माणूस कान बंद करतो.

आठवी पायरी : भुर्दंडाचा प्रश्न प्रामाणिकपणे घ्या

मित्राची शंका चौथी असेल तर त्याच्या बाजूनं बोला, कारण त्याची बाजू बरीचशी बरोबर आहे. आजवर जगानं कोळसा, तेल आणि वायू जाळून जेवढा कार्बन डायऑक्साइड सोडला त्यातला सुमारे चौथा हिस्सा एकट्या अमेरिकेचा आहे. भारताचा चार टक्क्यांच्या आसपास. आजही माणशी हिशेब केला तर भारतीय माणूस वर्षाला सुमारे दोन टन सोडतो आणि अमेरिकी माणूस त्याच्या सहा-सात पट. म्हणून "त्यांनी आधी भरावं" हे म्हणणं चूक नाही. भारत सरकारही जागतिक परिषदांमध्ये हेच मांडतं.

फक्त एवढं दाखवून द्या की बिल कोणाचं हा वाद घालायचा तर बिल खरं आहे हे आधी मानावं लागतं. "हवामान बदल खोटा आहे" म्हटलं की भरपाई मागायचा आपला हक्कच जातो. मी अनेक मित्रांना या एका मुद्द्यावर थबकताना पाहिलंय.

आणि भुर्दंड तो आताही भरतोच आहे. बागेवर प्लास्टिकचं आच्छादन घालायला एकरी काही लाख लागतात, ते कशासाठी? हवामानावर आधारित फळपीक विम्याचा हप्ता कशासाठी? त्या विम्याची भरपाई अवकाळी पाऊस आणि तापमान यांचे आकडे ठरावीक मर्यादेबाहेर गेले की मिळते. महसूल मंडळातल्या हवामान केंद्राच्या नोंदीवर त्याचे पैसे अवलंबून आहेत.

शेवटची पायरी : त्याला तपासायला काहीतरी द्या

एका बैठकीत कोणी मत बदलत नाही. "बघू" म्हणाला तर तो नकार समजू नका. जाताना दहा लिंक पाठवू नका, एकच काम द्या. आपल्या मंडळाच्या केंद्राची पावसाची आणि किमान तापमानाची नोंद वर्षभर वहीत उतरवायला सांगा आणि शेजारी पुण्याच्या हवामान विभागाकडून मिळणारी नाशिकची जुनी सरासरी लिहायला सांगा. तुम्हीही तुमच्या भागाची तशीच नोंद ठेवा.

मधल्या काळात विषय तुम्ही काढू नका. पुढच्या छाटणीच्या सुमारास भेटाल तेव्हा त्याला काय सापडलं ते आधी विचारा. त्याचे आकडे तुमच्यापेक्षा वेगळे आले असतील तर दोन्ही वह्या शेजारी ठेवून महिना महिना मिळवून बघा.